मोठी कॉलनी उचललीत ना?

गेल्या अंकात क्लोनिंगवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी लिहून गेले होते: 'डीएनएचा तुकडा प्लास्मिडमध्ये बसवा, ई. कोलायच्या पोटात सोडा, सकाळपर्यंत त्याच्या अब्जावधी हुबेहूब प्रती तयार.' लिहिताना मला घाई होती, छापताना संपादकांना. 31 वर्षं क्लोनिंगच्या बाकावर काढलेल्या बाईने 'हुबेहूब' म्हणावं याचं काही वाचकांना नवल वाटलं, दोघांना चक्क राग आला. राग रास्त आहे, प्रती दर वेळी हुबेहूब निघत नाहीत. म्हणून या वेळचं सदर त्या एका शब्दाच्या नावाने.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी: ई. कोलाय हा प्रयोगशाळेत नेहमी वाढवला जाणारा जिवाणू. प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर राहणारं डीएनएचं छोटं गोल कडं. त्यात आपल्याला हवा तो तुकडा, म्हणजे इन्सर्ट, जोडायचा. कड्यावर अँपिसिलिनसारख्या प्रतिजैविकाला तोंड देणारा एक जनुक असतो. बशीतल्या खाद्यात अँपिसिलिन घातलं की कडं असलेले जिवाणूच जगतात.

माध्यमिक शिक्षक, वाई: *शाळेत झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलो की पाचव्या प्रतीला प्रश्नपत्रिका वाचता येत नाही. जिवाणूंचंही तसंच होत असणार. पण मी असं वाचलं की जिवाणू नको असलेला परका भाग नेमका काढून टाकतात. त्यांना कळतं कसं काय नको ते?*

गुरुजी, झेरॉक्सची उपमा इथे लागू पडत नाही. प्रत पुसट होत नाही. साधा सरळ मजकूर असेल तर ई. कोलायची नक्कल करण्याची हातोटी थक्क करणारी आहे, डीएनएची (ए, टी, जी, सी ही) शंभर कोटी अक्षरं उतरवताना जेमतेम एखादी चूक. आणि त्याला कळत तर काहीच नाही. तो काही काढून टाकत नाही.

मग होतं काय? कोट्यवधी पेशींपैकी एखादीच्या हातून अपघाताने तुकडा गळतो. एवढंच. बाकीच्यांचा तुकडा शाबूत असतो. पण आपला तुकडा वागवायला जिवाणूला कष्ट पडत असतील, तर ज्याचा तुकडा गळला तो मोकळा होतो आणि भराभर वाढतो. हिशेब करून बघा, तुमच्या आठवीच्या मुलांनाही जमेल. ओझं वाहणारी पेशी 30 मिनिटांत दुप्पट होते, ओझं टाकलेली 20 मिनिटांत. म्हणजे तासाभरात पहिलीच्या 4 आणि दुसरीच्या 8. दर तासाला दुसरीचं प्रमाण दुपटीने वाढतं. सुरुवातीला दहा लाखांत एकच पेशी गळकी होती असं धरा. 20 तासांनी निम्मी वस्ती तिची असते. एका पेशीपासून अर्ध्या लिटरच्या फ्लास्कपर्यंत जायला सुमारे 40 वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणजे हे 20 तास काही कागदावरचे नाहीत. आम्ही संध्याकाळी फ्लास्क ठेवून घरी जातो, मुलांचा अभ्यास घेतो, झोपतो. तेवढ्यात निवडणूक होऊन निकाल लागलेला असतो.

आता तुम्ही विचाराल, ओझं कसलं? चार-पाच हजार अक्षरं जास्त उतरवायची, त्यात कष्ट ते किती? लांबीचा भार खरोखर फारसा नसतो. खरा त्रास होतो तो तुकड्याचा अर्थ लागला की. त्याची एक खरी गोष्ट सांगते.

सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचा जनुक 1989 मध्ये सापडला. टोरांटोचे लॅप-ची त्सुई आणि जॅक रिओर्डन, मिशिगनचे फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी तो शोधला. त्याच्यापासून 1480 अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं. पुढची पायरी सोपी वाटत होती: जनुकाची सलग प्रत प्लास्मिडमध्ये घाला, वाढवा, पेशींत सोडून बघा. पण ती सलग प्रत ई. कोलायमध्ये टिकेचना. जी कॉलनी (बशीवर एका पेशीपासून वाढलेला जिवाणूंचा ठिपका) उचलावी तिच्यात कुठे तुकडा गळालेला, कुठे उलटापालटा झालेला. कारण पुढे कळलं. माणसाच्या या जनुकात मधेच, सहाव्या एक्झॉनजवळ (एक्झॉन म्हणजे जनुकातला प्रथिनासाठी वाचला जाणारा भाग), अक्षरांची अशी एक ओळ आहे की ती जिवाणूला स्वतःच्या 'इथून वाचायला सुरुवात करा' या खुणेसारखी दिसते. माणसाच्या पेशीत तिला तसला काही अर्थ नाही. जिवाणू मात्र तिथून वाचू लागतो आणि एक अर्धवट प्रथिन बनवतो. ते त्याला विषासारखं बाधतं. आपल्याकडे एका गावात साधा असलेला शब्द दुसऱ्या गावात शिवी ठरतो, त्यातला प्रकार.

यातून सुटका कशी केली, तेही ऐकण्यासारखं आहे. 1990 मध्ये एका गटाने त्या खुणेतली फक्त तीन अक्षरं बदलली, तीही अशी की प्रथिनाचा अर्थ तसाच राहील आणि जिवाणूला मात्र खूण ओळखू येणार नाही. दुसऱ्या गटाने प्लास्मिडच असं घेतलं की ज्याच्या पेशीत थोड्याच प्रती राहतात. शिवाय जनुकाच्या मधोमध एक बनावट इंट्रॉन, म्हणजे प्रथिनासाठी न लागणारा तुकडा, घातला. माणसाची पेशी इंट्रॉन कापून टाकते, जिवाणूला ते जमत नाही, म्हणून तो वाचता वाचता अडखळतो आणि विष बनत नाही. मला ही दुसरी युक्ती जास्त आवडते. तिच्यात थोडा खट्याळपणा आहे.

एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, लातूर: *दुसऱ्या प्रयोगशाळेतून आलेलं लेंटिव्हायरसचं (पेशीत जनुक नेणाऱ्या विषाणूचं) प्लास्मिड वाढवायचं काम मला दिलं होतं. फ्रीजरमध्ये बीएल 21 च्याच कॉम्पिटंट सेल्स (डीएनए आत घ्यायला तयार केलेले जिवाणू) शिल्लक होत्या, त्यात घातलं. 37 अंशांवर रात्रभर ठेवलं. सकाळी सहा छान मोठ्या कॉलन्या उचलल्या. सहाच्या सहा मिनीप्रेपमध्ये (थोड्या जिवाणूंमधून प्लास्मिड काढून बघितलं तेव्हा) साडेनऊ हजारांऐवजी साडेचार हजार अक्षरांचं प्लास्मिड निघालं. सर म्हणतात मी नळ्यांची अदलाबदल केली. मॅडम, मी नाही केली. माझं काय चुकलं?*

अगं, नळ्या बदलल्या नाहीस हे तुझ्या पत्रातच लिहिलंय. अदलाबदल झाली असती तर प्रयोगशाळेतलं दुसरंच कुठलं तरी प्लास्मिड निघालं असतं. तुला निघालंय ते बहुधा तुझ्याच प्लास्मिडचं उरलेलं निम्मं आहे. सरांची खात्री पटवायची असेल तर त्या छोट्या कड्याचं सीक्वेन्सिंग (अक्षरवाचन) करून घे. मूळ प्लास्मिडमध्ये एलटीआर नावाचा तुकडा दोनदा आहे. तुझ्या छोट्या कड्यात तो एकदाच मिळेल आणि दोन्ही बाजूंना मूळ सांगाड्याचीच अक्षरं असतील. असं दिसलं की वाद मिटला.

झालं असं. लेंटिव्हायरसचा जनुकसंच दोन्ही टोकांना सारख्याच मजकुराने, म्हणजे एलटीआरने, बांधलेला असतो. आजकालच्या सुरक्षित प्लास्मिडमध्ये त्या टोकांची काटछाट केलेली असते, तरी सुमारे 180 अक्षरं दोन्हीकडे तंतोतंत एकसारखी आणि एकाच दिशेने राहतात. ई. कोलायमध्ये रेक-ए नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं मूळ काम तुटलेला डीएनए सांधायचं; त्यासाठी ते सारखे मजकूर शोधून एकमेकांशेजारी आणतं. तुझ्या प्लास्मिडमध्ये त्याला दोन सारखे एलटीआर सापडले. ते जुळले, अदलाबदल झाली आणि एका कड्याची दोन कडी झाली. एका कड्यात व्हायरसचा सगळा माल, दुसऱ्यात प्रती काढायची सुरुवातीची जागा आणि अँपिसिलिनचा जनुक. मालाच्या कड्याला सुरुवातीची जागाच नाही, ते विरून गेलं. उरलेलं कडं अँपिसिलिनमध्ये आनंदाने नांदतं, म्हणून तुला बशीवर काहीच संशय आला नाही.

बीएल 21 हा प्रथिनं बनवून घ्यायचा स्ट्रेन, म्हणजे वाण. त्यात रेक-ए धडधाकट असतं. प्लास्मिड जपायला तो वापरायचा नसतो. पण फ्रीजरमध्ये तेवढाच शिल्लक असणं हा काही तुझा दोष नाही. कॉम्पिटंट सेल्स संपल्या हे वहीत कोणी लिहीत नाही, सगळीकडे हीच रड.

दुसरी गोष्ट मात्र तू स्वतः केलीस, आणि ती आपण सगळ्याच करतो. 'छान मोठ्या' कॉलन्या उचलल्यास. बाजारात गेलं की हात मोठ्या, चकचकीत वांग्याकडे जातो, तसंच. पण भरली वांगी करायची तर लहान, काटेरी देठाची निवडून घ्यावी लागतात ना? इथेही तसंच कर. बशी खिडकीजवळ धर, तिरपी कर. मोठ्या, पांढऱ्याशुभ्र कॉलन्यांच्या मधे टाचणीच्या डोक्याएवढ्या, जरा पारदर्शक कॉलन्या दिसतील. ओझं अजून वाहणारे जिवाणू तिथे असण्याची शक्यता जास्त. मोठ्या कॉलनीभोवती बारीक ठिपक्यांचं कडं असेल तर ते मात्र सोड. अँपिसिलिन फस्त झालेल्या जागेत प्लास्मिड नसलेले फुकटे वाढतात, ते हे. त्यांना आम्ही सॅटेलाइट म्हणतो. अँपिसिलिनऐवजी कार्बेनिसिलिन घातलं तर हा त्रास कमी होतो, कारण ते जास्त टिकतं.

तेव्हा आता आलेल्या मूळ डीएनएतला थोडा शिल्लक असेल तर (असावाच, सगळा कधी वापरू नये) स्टेबल 3 सारख्या, रेक-ए निकामी केलेल्या स्ट्रेनमध्ये घाल. बशी 30 अंशांवर ठेव आणि पुरते 24 तास थांब. घाई करून 37 वर ढकलू नकोस. आठ-दहा लहान कॉलन्या उचल, प्रत्येकीचं मिनीप्रेप कर आणि दोन वेगवेगळ्या एन्झाइमनी कापून जेलवर (तिथे तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन पट्टे, म्हणजे बँड, दिसतात) बघ. अपेक्षित बँड जिच्यात नीट आले तीच मॅक्सिप्रेपला (मोठ्या प्रमाणावर प्लास्मिड काढायला) ने. मॅक्सिप्रेप झाल्यावर पुन्हा एकदा काप. हे दुसऱ्यांदा कापणं सगळे टाळतात आणि तिथेच फसतात, कारण मधे आणखी वीसेक तासांची निवडणूक होऊन गेलेली असते.

30 अंशांचं कारण विचारशील म्हणून सांगते. पीयूसी घराण्यातल्या प्लास्मिडच्या 37 अंशांवर एका पेशीत पाचशे-सातशे प्रती असतात. तापमान उतरवलं की प्रतींची संख्याही उतरते आणि वाढही संथ होते. ओझं हलकं झालं की गळक्या पेशीचा फायदा कमी होतो. जुन्या पीबीआर 322 या प्लास्मिडच्या 15 ते 20 प्रतीच असत, तेव्हा आम्हाला मिनीप्रेपमध्ये डीएनए कमी येतो म्हणून रडायला व्हायचं. आता जास्त येतो म्हणून रडायचं.

आणि हे काम रटाळ वाटून घेऊ नकोस. मुंबईच्या आयआयटीत सुरुवात होऊन टाटा मेमोरियलमध्ये चाचण्या झालेल्या नेक्सकार 19 या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. त्यात रुग्णाच्या टी-पेशींमध्ये नवा जनुक नेण्याचं काम लेंटिव्हायरसच करतो, आणि असा लेंटिव्हायरस बनवायचा तर आधी तुझ्या हातात आहे तसल्या प्लास्मिडची शाबूत प्रत लागते.

निवृत्त प्राध्यापक, छत्रपती संभाजीनगर: *पाठ्यपुस्तकं सांगतात की रेक-ए निकामी केलेला स्ट्रेन वापरला की गळती थांबते. आपल्या उत्तरातही तेच येणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो: थांबत नाही. विलोमपदं आणि उडी मारणारे तुकडे तरीही त्रास देतातच.*

सर, पकडलंत. वरचं उत्तर वाचून तसंच वाटेल हे मला दिसतंय. रेक-ए निकामी झालेले ई. कोलाय 1965 मध्ये क्लार्क आणि मार्गुलीस यांनी शोधले. पुढे क्लोनिंगसाठी घडवलेल्या बहुतेक स्ट्रेनमध्ये, आमच्या रोजच्या डीएच 5 अल्फामध्येसुद्धा, तो बिघाड मुद्दाम ठेवलेला आहे. त्याने लांब सारख्या मजकुरांमधली अदलाबदल पुष्कळ कमी होते. पण जवळजवळ असलेले छोटे सारखे तुकडे रेक-ए नसतानाही निसटतात.

पोथ्या उतरवणाऱ्यांची एक नेहमीची चूक तुम्हाला ठाऊक असेल. दोन ओव्यांच्या शेवटी एकच शब्द असला की लेखनिक पहिल्या ओवीचा शेवट लिहून मान वर करतो, शाईत बोरू बुडवतो, परत पोथीत बघतो आणि त्याची नजर दुसऱ्या ओवीच्या त्याच शब्दावर पडते. तिथून पुढे लिहू लागतो. मधला मजकूर गायब, आणि तो सारखा शब्द प्रतीत एकदाच. डीएनए उतरवणारं एन्झाइम नेमकं हेच करतं. नवी साखळी क्षणभर सुटते आणि पुढच्या सारख्या जागेवर चिकटते. हस्तलिखितांच्या अभ्यासकांना दोन प्रतींतली ही खूण बघून कुठली प्रत कुठल्या प्रतीवरून उतरली ते सांगता येतं. आम्हालाही जेल बघून जवळपास तसंच सांगता येतं.

माझी स्वतःची फजिती याच प्रकारची. 1998 साल. हंटिंग्टन आजाराच्या जनुकातला, सीएजी ही तीन अक्षरं 79 वेळा ओळीने असलेला तुकडा आमच्याकडे होता. निरोगी माणसात ती पुनरावृत्ती साधारण 26 पर्यंत असते, 40 च्या वर गेली की आजार ठरलेला. दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्यांना तो क्लोन हवा होता. मी ताजं कल्चर लावलं, आणि नेमके गणपती आले. विसर्जनाच्या आसपास चार दिवस कोणी धड येईना. लॅबमधल्या एका मुलाने भल्या मनाने रोज जुन्या कल्चरमधलं थोडं नव्या खाद्यात टाकून ते 'जिवंत ठेवलं'. सुट्टी संपल्यावर मी त्यातूनच डीएनए काढला, नळी बर्फात घालून कुरिअरला दिली. आठवड्याने फोन आला. पलीकडून बाई शांतपणे म्हणाल्या, 'अहो, तुम्ही पाठवलेल्यात पुनरावृत्ती 31 आहे.' रुग्णाचा जनुक म्हणून धाडला आणि पोचला तो आजार न होणाऱ्या माणसाचा. मी त्या दिवशी जेवले नाही. नंतर आमच्याकडच्या नळीतला पीसीआर करून पाहिला तर एका सरळ बँडऐवजी शिडीच्या पायऱ्या, 79 ची पायरी सगळ्यात फिकी.

आमच्याकडे तेव्हा तीन वर्षांपूर्वीचं उत्तर पडलेलं होतं, वाचलं नव्हतं. 1995 मध्ये ह्यूस्टनच्या रॉबर्ट वेल्स यांच्या गटाने दाखवलं होतं की या पुनरावृत्ती ई. कोलायमध्ये किती गळतात हे त्या कुठल्या दिशेने बसवल्यात यावर ठरतं. डीएनएची एक साखळी सलग उतरते, दुसरी तुकड्यातुकड्यांत. तुकड्यातुकड्यांत उतरणाऱ्या बाजूचा मूळ धागा मधल्या काळात उघडा राहतो. त्यावर सीटीजी (सीएजीच्या समोरच्या साखळीवरचा मजकूर) ओळीने असलं की तो स्वतःवरच दुमडून केसांच्या पिनेसारखा होतो, आणि एन्झाइम त्या दुमडीवरून उडी मारून पुढे जातं. इन्सर्ट उलटा बसवला की गळती बरीच कमी. आम्ही उलटा बसवला. रोज कल्चर बदलायची पद्धतही बंद केली.

दुमडण्यावरून तुमच्या पत्रातला विलोमपदांचा उल्लेख आठवला. 'चिमा काय कामाची' उलटं वाचलं तरी तेच. डीएनएतली विलोमपदं थोडी वेगळी: समोरच्या साखळीवर दुसऱ्या टोकाकडून वाचलं की तेच अक्षर येतं, कारण ए समोर टी आणि जी समोर सी. सहा अक्षरांची असतील तर बिचारी निरुपद्रवी. शे-दोनशे अक्षरांची झाली की क्रूसासारखी दुमडतात, आणि ई. कोलायकडे अशा दुमडी दिसताच कापणारी एसबीसी-सीडी नावाची कात्री आहे. डेव्हिड लीच आणि फ्रँक स्टाल यांनी 1983 मध्ये दाखवलं की काही न्यूक्लिएज (डीएनए कापणारी एन्झाइमं) नसलेल्या जिवाणूंत अशी लांब विलोमपदं वागवणारे लॅम्डा विषाणू (ई. कोलायमध्ये वाढणारे) जगतात. त्यावरूनच पुढे 'शुअर' नावाचा स्ट्रेन आला. जनुकोपचारात वापरतात त्या एएव्ही विषाणूची टोकं याच जातीची आहेत, 145 अक्षरांची आणि दुमडणारी. त्यातली 11 अक्षरं बऱ्याचदा गळतात. म्हणून ते लोक प्रत्येक मॅक्सिप्रेपनंतर एसएमए-वन एन्झाइमने दोन्ही टोकं तपासतात.

राहता राहिला उडी मारणाऱ्या तुकड्यांचा मुद्दा. ई. कोलायच्या स्वतःच्या गुणसूत्रात आयएस नावाचे भटके तुकडे आहेत. ते अधूनमधून उठून दुसरीकडे जाऊन बसतात. आपला जनुक विषारी असेल आणि एखादा आयएस त्याच्या मधोमध जाऊन बसला, तर विष बंद आणि ती पेशी सुखी. जेलवर अशा वेळी इन्सर्ट लहान होत नाही, उलट हजारेक अक्षरांनी मोठा दिसतो, आणि नवखा माणूस चक्रावतो. 2006 मध्ये फ्रेड ब्लाटनर यांच्या गटाने एक गंमत केली: के-12 या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या ई. कोलायच्या जनुकसंचातला सुमारे 14 टक्के भाग, सगळ्या आयएससकट, काढून टाकलेला ई. कोलाय बनवला. तो व्यवस्थित वाढतो, आणि इतरांकडे न टिकलेली काही प्लास्मिडं त्याच्याकडे टिकली.

संगणक अभियंता, ठाणे: *करोनाच्या एमआरएनए लशीचा संपूर्ण मजकूर मी वाचला होता. शेवटी ए ए ए ए असं ओळीने आहे, पण मधेच दहा वेगळी अक्षरं घातलीत. प्रोग्रॅममध्ये कोणी असं केलं असतं तर मी बग म्हटलं असतं. हे काय आहे?*

बरोबर जागी बोट ठेवलंत. फायझर-बायोएनटेकच्या लशीत आधी 30 ए, मग दहा अक्षरं, मग 70 ए आहेत. एमआरएनए (प्रथिन कसं बनवायचं हे पेशीला सांगणारा निरोप) पेशीत टिकावा म्हणून ही शेपटी लागते. एमआरएनए तयार करायला साचा लागतो तो प्लास्मिड, आणि प्लास्मिड वाढवायला ई. कोलाय. शंभर ए सलग दिले तर एन्झाइम घसरतं, शेपटी प्रत्येक पिढीत आखूड होत जाते. एका खेपेला 100, दुसऱ्या खेपेला 80, असं औषध कोणी मंजूर करणार नाही. मधे दहा अक्षरं घातली की घसरगुंडीवर एक पायरी येते. शेपटी तोडून मांडली तरी एमआरएनएचं काम तितकंच चांगलं चालतं हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेलं होतं. पुण्याच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लशीला जून 2022 मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळाली, तेव्हा ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं की यात अवघड काय होतं. अनेक गोष्टी अवघड असतात. ई. कोलायला शंभर वेळा एकच अक्षर न चुकता लिहायला लावणं ही त्यातली एक, आणि हे बाहेरच्या कुणाच्या मनातही येत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न: मग जिवाणू हवेतच कशाला? काही ठिकाणी नको असतात. करोना विषाणूचा अखंड जनुकसंच 2020 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या गटाने यीस्टमध्ये जुळवला. मानवी जनुकसंचाचं काम मात्र मुख्यतः ई. कोलायच्याच पाठीवर झालं, 1992 पासून आलेल्या बॅक या वाहकांमुळे. बॅकची पेशीत एखाद-दुसरीच प्रत राहते, म्हणून लाख-दीड लाख अक्षरांचा तुकडाही टिकतो. तरी 2003 मध्ये 'पूर्ण' म्हणून जाहीर झालेल्या मजकुरात रिकाम्या जागा होत्याच. बहुतेक जागा पुनरावृत्तींमुळे, काही ई. कोलायने धरूनच ठेवल्या नाहीत म्हणून. त्या 2022 मध्ये भरल्या, जिवाणूत न घालता थेट लांबलचक वाचन करणाऱ्या यंत्रांनी.

नाशिकच्या एक आजी: *मला तुमचं निम्मं कळत नाही, पण वाचते. आमच्याकडे कालच्या दह्याचंच विरजण आज लावतो. काही महिन्यांनी दही ताणतं, तार धरतं. तुमच्या त्या जिवाणूंसारखंच आहे का हे?*

आजी, जिवाणू वेगळे, पण तुम्ही धरलेला धागा बरोबर आहे. कालच्यातलं आज, आजच्यातलं उद्या असं करत गेलं की चव कुणाची चांगली हे बाजूला पडतं, जो भराभर वाढतो तो भांडं बळकावतो. माझ्या त्या गणपतीतल्या फ्लास्कचं तेच झालं.

आम्ही त्यावर असं करतो. पहिल्यांदा नीट तपासलेल्या कल्चरमध्ये थोडं ग्लिसरॉल मिसळतो, वीस-पंचवीस छोट्या नळ्या भरतो आणि उणे 80 अंशांवर ठेवतो. दर वेळी यातलीच एक नळी घ्यायची, तीही सगळी वितळवायची नाही. वरच्या थरावर काडीने ओरखडा काढायचा आणि नळी लगेच परत आत. त्यातून बशीवर रेघोट्या ओढायच्या, स्वतंत्र कॉलनी घ्यायची. नळीवर तारीख, स्ट्रेन आणि कितव्या पिढीची ते लिहायचं. शाई अल्कोहोलने पुसली जाणारी नको. पुसलेल्या नावाच्या नळ्यांनी भरलेला एक अख्खा डबा मी निवृत्त होताना मागे ठेवून आले आहे, आणि तो उघडायची अजून कुणाची छाती झालेली नाही.

तुम्ही पहिल्या दिवशीचं चांगलं दही बर्फाच्या साच्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवून बघा. महिन्यातून एकदा त्यातली एक वडी काढून विरजण नवं करायचं. तार धरली तर पुढच्या अंकासाठी कळवा.